दर नोव्हेंबरला कुत्रा सीमा का ओलांडतो? पुरलेल्या तारेच्या कुंपणाचे आणि गळपट्ट्याचे समस्या निवारण

आमचे घर न्यू जर्सीच्या मध्य भागात आहे. आवार अर्ध्या एकराच्या आसपास असून मागे ओकची झाडी आणि पुढे पदपथ व रस्ता आहे. होमओनर्स असोसिएशनच्या, म्हणजे वसाहतीतील घरमालकांच्या संघटनेच्या, नियमांमुळे घराच्या पुढच्या बाजूला दिसणारे कुंपण घालता येत नाही, म्हणून सहा वर्षांपूर्वी आम्ही बंड्यासाठी जमिनीत तार पुरून तिच्याशी जोडलेला इलेक्ट्रॉनिक गळपट्टा घेतला. बंड्या हा लॅब्रेडॉर आणि जर्मन शेफर्ड यांचा संकर आहे, वजन ३१ किलो. ही व्यवस्था मार्चपासून ऑक्टोबरपर्यंत कोणतीही तक्रार न करता चालत असे आणि नोव्हेंबर लागला की आठवड्यातून दोनदा तरी बंड्या शेजाऱ्यांच्या आवारात सापडत असे. सलग तीन वर्षे हे घडले आणि पहिली दोन वर्षे आम्ही त्यावर एकच उपाय केला. गळपट्ट्यावरील धक्क्याची पातळी दोनवरून तीनवर आणि तीनवरून चारवर नेली.

तो उपाय पूर्णपणे चुकीचा होता. पहिल्या वर्षी तार तुटलेली होती, त्यामुळे पातळी कितीही वाढवली तरी गळपट्ट्यापर्यंत संकेतच पोहोचत नव्हता. दुसऱ्या वर्षी संकेत पोहोचत होता, परंतु पट्ट्याची धातूची टोके वाढलेल्या केसांमुळे कातडीला टेकतच नव्हती. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा तो कारभार होता. त्याहून वाईट म्हणजे तार दुरुस्त झाल्यावर पातळी खाली आणण्याचे आम्ही विसरलो, आणि ज्या दिवशी टोके नीट टेकली त्या दिवशी बंड्याला अकारण चौथ्या पातळीचा धक्का बसला. त्यानंतर तो चार दिवस पायरीवरून गवतावर उतरला नाही. हीच चूक इतरांकडून होऊ नये, म्हणून तपासणीचा क्रम येथे सविस्तर लिहीत आहे. पातळीच्या बटणाला हात लावण्यापूर्वी तार, पट्टा, मान आणि कुत्रा या क्रमाने जावे, आणि तपासणी चालू असेपर्यंत कुत्र्याला साध्या साखळीवरच बाहेर न्यावे.

ही व्यवस्था चालते कशी

या कुंपणाचे पेटंट रिचर्ड पेक यांना अमेरिकेत १९७३ साली मिळाले आणि त्यामागील तत्त्व आजही तेच आहे. घरात किंवा गॅरेजमध्ये भिंतीवर बसवलेला ट्रान्समीटर आवाराभोवती पुरलेल्या तारेतून कमी वारंवारतेचा सांकेतिक रेडिओ संकेत सोडतो. तार ट्रान्समीटरच्या एका टोकापासून निघून संपूर्ण आवाराला वळसा घालून दुसऱ्या टोकापाशी परत आली पाहिजे. हा फेरा कोठेही तुटला की कुंपण संपले. कुत्रा तारेपासून ठरावीक अंतरावर आला की पट्टा प्रथम बीप वाजवतो, आणि कुत्रा आणखी पुढे गेला तर मानेला टेकलेल्या दोन टोकांमधून धक्का देतो. घरापासून फेऱ्यापर्यंत जाणाऱ्या दोन तारा एकमेकींभोवती पिळलेल्या असतात, कारण पीळ दिल्याने दोन्ही तारांचे संकेत परस्परांना मारून टाकतात आणि कुत्र्याला त्या पिळलेल्या तारांवरून निर्धास्तपणे जाता येते. एका फुटात दहा-बारा पीळ असावेत. पीळ सैल असेल तर अंगणाच्या मधोमध, जेथे सीमा नाही तेथे, पट्टा वाजू लागतो.

हे समजून घेतले की एक गोष्ट लक्षात येते. कुत्र्याला अडवणारी वस्तू अशी कोणतीच येथे नसते. असते ती केवळ एक सूचना, आणि ती कुत्र्यापर्यंत पोहोचण्यासाठी चार-पाच दुवे शाबूत असावे लागतात. नोव्हेंबरमध्ये यांपैकी बहुतेक दुवे एकाच वेळी कच्चे होतात.

तार

ट्रान्समीटरवर फेऱ्याचा दिवा असतो. तो विझलेला असेल आणि यंत्र सतत बीप करीत असेल, तर तार तुटली आहे असे समजावे. मात्र त्याआधी दोषी ट्रान्समीटर तर नाही ना, हे पाहणे आवश्यक आहे. आवाराची तार दोन्ही टोकांपासून सोडवावी आणि हातभर लांबीचा तारेचा तुकडा त्याच दोन टोकांना जोडावा. दिवा लागला तर ट्रान्समीटर ठीक आहे आणि बिघाड बाहेर आहे. दिवा लागला नाही तर प्रथम विजेचा सॉकेट तपासावा. गॅरेजमधील सॉकेटवर वीजगळतीपासून संरक्षण देणारे बटण असते, आणि पावसाळी दिवसांत ते स्वतःच बंद झालेले असते. मी स्वतः एकदा पाऊण दिवस आवार उकरल्यानंतर हे बटण पाहिले, हे येथे कबूल करणे भाग आहे.

आमच्याकडे पहिल्या वर्षीचा दोष लॉनच्या निगेतून आला होता. येथे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गवताच्या मुळांना हवा मिळावी म्हणून यंत्राने जमिनीला भोके पाडतात. हे यंत्र मातीचे दोन-तीन इंच लांबीचे गोळे उपसून काढते. कुत्र्याच्या कुंपणाची तार बहुधा एक ते तीन इंच खोलीवर असते. कामासाठी आलेल्या माणसाला तार कोठे आहे हे सांगण्याचे आम्हाला सुचले नाही, आणि त्यानेही विचारले नाही. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. अमेरिकेत खोदकामापूर्वी ८११ या क्रमांकावर फोन केल्यास गॅस, वीज, पाणी यांच्या सार्वजनिक वाहिन्या रंगाने खुणावून देतात, परंतु कुत्र्याच्या कुंपणाची तार खासगी असल्यामुळे ती कोणी खुणावत नाही. तिचा नकाशा आपणच ठेवला पाहिजे. तार पुरताना घराच्या कोपऱ्यांपासून फुटांत मोजलेली अंतरे एका कागदावर लिहून ठेवली असती, तर आमचे दोन शनिवार वाचले असते.

तुटलेली जागा शोधण्याच्या दोन रीती आहेत. पहिली अर्धे करण्याची. फेऱ्यावर साधारण मध्यावर जुना जोड असेल तो उघडावा, तेथून ट्रान्समीटरपर्यंत गवतावरूनच एक तात्पुरती तार टाकावी आणि आळीपाळीने दोन्ही अर्धे फेरे जोडून पाहावेत. ज्या अर्ध्यावर दिवा लागत नाही, त्यात दोष आहे. मग त्या अर्ध्याचे पुन्हा दोन भाग करावेत. तीन-चार वेळा असे केले की शोध पन्नासेक फुटांवर येतो. दुसरी रीत जुन्या ट्रान्झिस्टरची. बाजारात रेडिओ चोक नावाचा छोटा घटक मिळतो. तो ट्रान्समीटरच्या दोन टोकांमध्ये आवाराच्या तारेबरोबरच अडकवावा, ट्रान्समीटरच्या संकेताची पातळी पूर्ण ठेवावी आणि ए. एम. रेडिओ ६०० किलोहर्ट्झच्या आसपास, जेथे कोणतेही केंद्र लागत नाही अशा जागी लावून तारेवरून चालावे. तार शाबूत असेपर्यंत रेडिओत ठोक्यांसारखा आवाज येतो आणि तुटलेल्या जागेपाशी तो मंदावतो किंवा थांबतो. एखाद्या लोकप्रिय केंद्राचा आवाज जवळपास नसेल तर ही रीत फार उपयोगी पडते.

याहून त्रासदायक दोष म्हणजे तुटलेली नसलेली, पण झिजलेली तार. पाऊस पडला की कुंपण क्षीण होते आणि दोन दिवस ऊन पडले की पूर्ववत होते, अशी लक्षणे दिसली तर जोड कुजला आहे असे समजावे. येथे तारेचा विद्युत रोध मोजणारा मल्टिमीटर हाताशी हवा. तांब्याच्या १८ गेजच्या (गेज म्हणजे तारेच्या जाडीचे माप) तारेचा रोध हजार फुटांना सुमारे ६.४ ओहम असतो आणि २० गेजच्या तारेचा सुमारे १० ओहम. आमची तार १८ गेजची आणि साधारण ७०० फूट लांब आहे, म्हणजे दोन्ही टोकांमध्ये साडेचार ओहमच्या आसपास आकडा यायला हवा. तिसऱ्या वर्षी तो २३ आला. दिवा लागलेला होता, बझर शांत होता, आणि तरीही मागच्या झाडीकडील सीमेची रुंदी निम्म्याहून कमी झाली होती. उकरून पाहिले तेव्हा एक जोड साध्या विजेच्या चिकटपट्टीत गुंडाळलेला निघाला. आतील तांबे हिरवे पडले होते. ओलसर मातीत चिकटपट्टी टिकत नाही. तारेची टोके स्वच्छ करून, नीट पिळून, शक्य असल्यास सोल्डरचा डाग देऊन, जेलने भरलेल्या जलरोधक टोपीत बंद करावीत. प्रत्येक जोड नकाशावर फुलीने दाखवावा, कारण पुढचा बिघाड बहुधा तेथेच होणार असतो.

तारेचे आणखी दोन दोष थोडक्यात सांगतो. फेऱ्याचे दोन भाग एकमेकांपासून चार-पाच फुटांपेक्षा जवळ समांतर गेले तर संकेत परस्परांना मारतात आणि नेमक्या त्या जागी सीमा विरते. तसेच तारेला काटकोनात वळवले तर कोपऱ्यावर सीमेला फट राहते, म्हणून तेथे गोलाई ठेवावी.

पट्टा आणि मान

तार ठीक असल्याची खात्री झाली की पट्टा हातात घेऊन सीमेकडे चालावे. बहुतेक संचांबरोबर एक चिमुकला चाचणी दिवा मिळतो, तो टोकांवर धरला की धक्का सुटतो तेव्हा लुकलुकतो. येथे हमखास होणारी चूक अशी की माणूस पट्टा स्वतःच्या कमरेच्या उंचीवर धरून चालतो. पट्टा कुत्र्याच्या मानेच्या उंचीवर, म्हणजे आमच्या बंड्यासाठी जमिनीपासून दोन फुटांवर, धरावा. मी आवारात आठ जागा ठरवल्या आहेत आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रत्येक जागी तारेपासून किती फुटांवर बीप ऐकू येतो ते वहीत लिहितो. हा उद्योग पाहून घरातल्यांनी माझी पुष्कळ थट्टा केली, परंतु कुजलेला जोड या वहीमुळेच सापडला. बाकी सात जागी बीप सहा फुटांवर असताना झाडीकडच्या जागी तो अडीच फुटांवर आला होता.

बॅटरीबाबत कंजुषी करू नये. थंडीत बॅटरीची क्षमता घटते. ऑक्टोबरात काठावर असलेली बॅटरी नोव्हेंबरच्या पहिल्या गारठ्यात बीप वाजवू शकते, पण धक्का देण्याइतके बळ तिच्यात उरत नाही. कुत्र्याला हे आपल्याआधी कळते. बीपनंतर काहीच घडत नाही, हे दोनदा अनुभवल्यावर तिसऱ्यांदा तो बीपकडे लक्ष देत नाही, आणि बॅटरी बदलल्यानंतरही ती बेफिकिरी काही दिवस राहते. म्हणून जुनी बॅटरी चालत असली तरी ऑक्टोबरच्या अखेरीस ती बदलावी. पुन्हा भारित होणाऱ्या पट्ट्यांमध्ये भारणाच्या टोकांवर चढलेला गंज पुसून घ्यावा.

आता मान, आणि माझ्या मते नोव्हेंबरच्या कोड्याचे खरे उत्तर येथेच आहे. लॅब्रेडॉर, जर्मन शेफर्ड, हस्की, गोल्डन रिट्रीव्हर या जातींना केसांचे दोन थर असतात. वरचे केस राठ असतात आणि खाली मऊ, दाट लोकर असते. दिवस लहान होऊ लागले की हा आतला थर भरतो. सप्टेंबरमध्ये कातडीला टेकणारी टोके नोव्हेंबरमध्ये लोकरीच्या गादीवर तरंगतात. पट्टा बाहेरून पूर्वीइतकाच घट्ट दिसतो, चाचणी दिवा लुकलुकतो, बीप वाजतो, सर्व यंत्रणा निर्दोष असते, आणि तरीही कुत्र्याला काहीही जाणवत नाही. आपण त्याला हट्टी म्हणतो.

बहुतेक पट्ट्यांबरोबर आखूड आणि लांब अशा टोकांच्या दोन जोड्या येतात. लांब जोडी खोक्यातच पडून राहते, आमचीही राहिली होती. दाट केसांच्या कुत्र्यासाठी हिवाळ्यात ती लावावी, पान्याने पुरेशी आवळावी, कारण ही टोके धावपळीत सैल होऊन गळून पडतात. पट्टा कुत्रा उभा असताना बांधावा आणि टोक व मान यांच्यामध्ये एक बोट जेमतेम शिरेल इतका घट्ट ठेवावा. टोके हलकेच डावी-उजवीकडे सरकवावीत म्हणजे ती केसांमधून खाली उतरतात. आवश्यकता भासल्यास टोकांच्या जागचे केस कात्रीने विरळ करावेत, परंतु वस्तऱ्याने किंवा यंत्राने कातडीपर्यंत काढू नयेत. उघड्या कातडीवर टोके घासून जखमा होतात.

जखमांविषयी दोन वाक्ये अधिक लिहिणे माझे कर्तव्य समजतो. मानेवर दोन टोकांच्या जागी लाल, ओलसर चट्टे उठले की लोक त्यांना विजेने भाजलेले समजतात. बहुतेक वेळा ते दाबाने झालेले व्रण असतात. पट्टा दिवसाला आठ-दहा तासांपेक्षा अधिक ठेवू नये, बारा तास ही शेवटची मर्यादा समजावी. दर एक-दोन तासांनी तो मानेवर थोडा फिरवावा, रात्री काढून ठेवावा, आठवड्यातून एकदा मान आणि टोके ओल्या फडक्याने स्वच्छ करावीत आणि या पट्ट्याला फिरण्याची साखळी कधीही अडकवू नये, कारण साखळीच्या ओढीने टोके कातडीत रुततात. चट्टा दिसला तर तो पूर्ण भरेपर्यंत पट्टा बंद ठेवावा आणि पशुवैद्यांना दाखवावे.

घरात आल्यावर पट्टा काढावा, याला आणखी एक कारण आहे. घराच्या भिंतीतून जाणाऱ्या केबल टीव्हीच्या किंवा दूरध्वनीच्या तारा आवाराच्या तारेजवळून समांतर गेलेल्या असतील, तर त्या संकेत उचलून घरात आणतात आणि सोफ्यावर झोपलेल्या कुत्र्याला धक्का बसू शकतो. अशा तारांना आवाराची तार काटकोनातच ओलांडू द्यावी.

कुत्र्याच्या बाजूने पाहिले तर

यंत्रणेचे सर्व दुवे दुरुस्त केल्यानंतरही चौथ्या नोव्हेंबरला बंड्या एकदा पळाला. त्या दिवशी मी प्रथमच तो कोठून आणि कशामागे पळाला याचा विचार केला. नोव्हेंबर हा येथील शेपटीची खालची बाजू पांढरी असलेल्या हरणांचा माजाचा काळ असतो. नर एरवी भिडस्त असतात, या दिवसांत मात्र भरदिवसा माद्यांमागे आवारे ओलांडत धावतात. ओकची फळे पडलेली असतात, त्यामुळे खारींची वर्दळही झाडीकडेच असते. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळे एक तास मागे जातात आणि सूर्य पावणेपाचच्या सुमारास मावळू लागतो. मी कामावरून परतेपर्यंत काळोख होतो, म्हणून संध्याकाळी त्याला फिरवून आणण्याऐवजी आम्ही त्याला एकट्याला आवारात सोडू लागलो होतो. दिवसभर घरात बसलेला, न दमलेला कुत्रा, समोर धावते हरण आणि मध्ये अंधार. या तिन्हींच्या बेरजेपुढे दोन सेकंदांचा धक्का काय करणार? पूर्ण वेगात धावणारा कुत्रा धक्क्याची ती पट्टी ओलांडूनच जातो.

आईने पुण्याहून आल्यावर पहिल्याच दिवशी विचारले होते, "त्याला न दिसणारं कुंपण त्यानं पाळायचं कसं?" प्रश्न वरवर भाबडा वाटला, तरी त्यात बरेच तथ्य होते. कुत्रा तार पाळत नाही. शिकवणीच्या काळात लावलेल्या पांढऱ्या झेंड्या, वाफ्याची कड, एखादे झुडूप अशा खुणा तो लक्षात ठेवतो. आमच्या झेंड्या पहिल्याच उन्हाळ्यात काढल्या होत्या, वाफ्याची कड नोव्हेंबरमध्ये पानांच्या ढिगाखाली जाते आणि जानेवारीत बर्फाखाली. म्हणून आता ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात झेंड्या दहा-दहा फुटांवर पुन्हा लागतात आणि मार्चपर्यंत राहतात. शिवाय झाडीकडच्या बाजूला आम्ही छोट्या झुडपांची एक रांग लावली, ती असोसिएशनच्या नियमात बसते.

झेंड्या लावल्यावर दोन आठवडे पुन्हा शिकवणी घ्यावी. दिवसातून तीन वेळा, प्रत्येक वेळी दहा-पंधरा मिनिटे, कुत्रा लांब साखळीवर असताना. पहिल्या आठवड्यात पट्टा केवळ बीपवर ठेवावा किंवा टोकांवर चिकटपट्टी लावावी. बीप वाजताच कुत्र्याला हाक मारून आत वळवावे आणि वळला की लगेच खाऊ द्यावा. बीप ही धमकी न राहता माघारी वळण्याची खूण झाली पाहिजे. आमच्या अनुभवात उकडलेल्या चिकनच्या तुकड्यांनी जे साधले, ते चौथ्या पातळीने साधले नव्हते. दुसऱ्या आठवड्यात प्रलोभने आणावीत. सीमेपलीकडून कोणी चेंडू उडवावा, ओळखीच्या कुत्र्याला घेऊन जावे. बंड्या हरणाकडे पाहून बीपवर थांबू लागला, त्यानंतरच साखळी सुटली.

या काळात दोन पथ्ये पाळावीत. कुत्र्याला सीमेपलीकडून कधीही हाक मारू नये. आणि फिरायला नेताना पट्टा काढून ठेवून, नेहमी एकाच ठरलेल्या जागेवरून, एकाच शब्दाच्या आज्ञेवर बाहेर न्यावे, किंवा गाडीत बसवून बाहेर काढावे. उद्या जेथून मनाई करायची आहे तेथून आज चालत नेले, तर त्याने काय समजावे?

पळालेला कुत्रा परत का येत नाही, याचेही उत्तर येथेच आहे. बाहेर जाताना उत्तेजनेत त्याला धक्का जाणवत नाही. परत येताना मन शांत असते, बीप ऐकू येतो आणि तो सीमेबाहेरच बसून राहतो. शेजाऱ्यांनी दाराशी येऊन "तुमचा कुत्रा आमच्या गॅरेजपाशी रडतो आहे" असे सांगितले, तेव्हा हा प्रकार मला समजला. अशा वेळी प्रथम ट्रान्समीटर बंद करावा, मग जाऊन पट्टा काढावा आणि त्यानंतरच त्याला आत आणावे. रागावू नये.

कधी थांबावे

काही लक्षणे दिसली तर दुरुस्ती न करता ही व्यवस्था बंद करणेच योग्य ठरते. कुत्रा अंगणात उतरण्यास नकार देतो, दाराशीच लघवी करतो, मायक्रोवेव्हच्या किंवा धुराच्या गजराच्या बीपने थरथरतो, पदपथावरून जाणाऱ्या माणसांवर पूर्वी भुंकत नसे आणि आता दात दाखवतो. शेवटचे लक्षण विशेष गंभीर आहे. माणूस दिसला, त्याच्याकडे धावलो आणि मानेला झटका बसला, असे काही वेळा झाले की कुत्रा झटक्याचा संबंध तारेशी न लावता माणसाशी लावू शकतो. अशा हल्ल्यांची पाच प्रकरणे २००० साली प्राणिकल्याणविषयक एका शास्त्रीय नियतकालिकात नोंदवली गेली आहेत. पदपथापासून सीमा दहा-पंधरा फूट आत घेतली तर हा धोका कमी होतो, नाहीसा होत नाही. ओहायोमध्ये झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत इलेक्ट्रॉनिक कुंपणातील ४४ टक्के कुत्रे कधी ना कधी पळाल्याचे आढळले, तर दिसणाऱ्या कुंपणातील २३ टक्के. अमेरिकेतील पशुवर्तनतज्ज्ञ वैद्यांच्या संघटनेने २०२१ च्या आपल्या भूमिकापत्रात धक्क्याच्या साधनांविरुद्ध स्पष्ट मत दिले आहे, आणि वेल्समध्ये २०१० पासून धक्क्याचे पट्टे वापरणे हा गुन्हा आहे, त्यात कुंपणाचे पट्टेही आले. सहा महिन्यांखालील पिल्लाला किंवा अगदी लहान चणीच्या कुत्र्याला हा पट्टा घालूच नये.

उपग्रहावर चालणाऱ्या पट्ट्यांविषयी अनेक जण विचारतात. तार पुरावी लागत नाही, हा त्यांचा मोठा गुण. परंतु दाट झाडांखाली आणि भिंतींलगत त्यांना दिसणारी जागा काही मीटर इकडे-तिकडे सरकते, आणि अर्ध्या एकराच्या आवारात काही मीटर म्हणजे शेजाऱ्याचा वाफा. मोठ्या शेतासाठी त्यांचा विचार करण्यास हरकत नाही.

मुळशी आणि पानशेतकडे शेतघर असलेल्या दोन नातेवाइकांनी हा संच येथून पाठवण्याविषयी विचारले होते. मी त्यांना नको असे सांगितले. हे कुंपण आपल्या कुत्र्याला आत ठेवण्याचा प्रयत्न करते, बाहेरच्या कोणालाही थोपवत नाही. भटक्या कुत्र्यांची टोळी आली तर आपला कुत्रा तिच्यात आणि तारेमध्ये कोंडला जातो, आणि सह्याद्रीच्या पायथ्याशी बिबट्या कुत्र्यांची शिकार करतो हे तिकडे कोणाला सांगायला नको. रात्री कुत्रा बंद खोलीत किंवा भक्कम जाळीतच असला पाहिजे. शिवाय वळवाच्या दिवसांत शेकडो फूट पुरलेली तार जवळ पडलेल्या विजेचा झटका ट्रान्समीटरपर्यंत आणते. विजेच्या बाजूने आणि तारेच्या बाजूने अशी दोन्हीकडे संरक्षके बसवली नाहीत, तर पहिल्याच गडगडाटात यंत्र जळते. येथेही वादळाची सूचना आली की मी दोन्ही जोडण्या काढून ठेवतो, अर्थात बंड्याला आत घेतल्यानंतर.

आमच्याकडे सध्याची स्थिती अशी आहे. घराच्या मागे, जेथे असोसिएशनची हरकत नाही, तेथे आम्ही चाळीस फूट बाय साठ फुटांचा एक भाग पाच फुटी लाकडी कुंपणाने बंद केला आहे आणि बंड्या एकटा असतो तेव्हा तेथेच असतो. तारेचे कुंपण उरलेल्या आवारासाठी आहे, आमच्यापैकी कोणी बाहेर असेल तेव्हाच, पातळी दोनवर. या नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारच्या नोंदीत आठपैकी सात जागी बीप सहा फुटांवर आला आहे. गॅरेजच्या कोपऱ्यापाशी मात्र तो साडेचार फुटांवर आहे आणि फेऱ्याचा रोध साडेचारवरून सात ओहमवर गेला आहे. नकाशावर त्या बाजूला जोडाच्या दोन फुल्या आहेत. जमीन गोठण्यापूर्वी, येत्या शनिवारी, दोन्ही उकरून पाहणार आहे.